काकूच्या नावापुढचं शून्य

आमच्या दूध केंद्रावर अ‍ॅप आलं त्या दिवशी डॉकवर फुगे बांधले होते. डॉक म्हणजे गावोगावचे दुधाचे कॅन उतरवायचा ओटा. रोज तिथं पायाखाली पाणी, अंगावर माशा, कॅनची आदळआपट. त्या दिवशी तिथं निळे-पांढरे फुगे. गाडीवाल्या दादानं पिकअप मागं घेता घेता त्यातले चार फोडले, तं नागपूरहून आलेल्या साहेबानं टाळ्या वाजवल्या. त्याले वाटलं, आम्ही आनंदानं फोडून राह्यलो.

साहेब हेड ऑफिसचा. त्याची बोलायची एक तऱ्हा आहे. स्वतःच प्रश्न विचारते अन् समोरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देते. टीमवर्क म्हणजे काय? कनेक्ट राहणं. कनेक्ट राहायला काय लागतं? अ‍ॅप. बोलताना गळ्यातल्या आयकार्डाची दोरी बोटाले गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मी त्याची नक्कल त्याच दुपारी डबा खाताना केली, तं दादाच्या नाकातून ताक आलं.

नकला मले शाळेपासून येतात. आठवीत असताना हेडमास्तरच्या आवाजात माइकवरून सुट्टी सांगतली, तं अर्धी शाळा घरी गेलती. आता मी केंद्रावर कॉम्प्युटरवर बसतो, सिंदी मेघेहून सेलूच्या रोडनं रोज गाडी हाणत येतो, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याचा आवाज काढतो. हे साहेबाच्या कानावर गेलं. तो म्हणे, लोक याचं ऐकतात, याले 'चॅम्पियन' करा. चॅम्पियन म्हणजे बाकीच्यायच्या मागं लागून त्यायच्याकडून अ‍ॅप वापरून घेणारा. त्याच्यासाठी मले एक पिवळा टी-शर्ट भेटला, दोन मापं मोठा, पाठीवर भल्ला मोठा अंगठा छापलेला. घरी आईनं पाहून विचारलं, कोणत्या पार्टीत गेला.

अ‍ॅपचं काम असं. सकाळी आलं की 'हजर' दाबायचं. काम संपलं की आज काय झालं ते बोलून पाठवायचं. लिहिता येत नसन तं नुसता आवाज चालते. मग ते एक प्रश्न विचारते: काही अडचण? खाली दोन चौकोन, 'हो' अन् 'नाही'. एवढं केलं की तुमच्या नावापुढं हिरवा ठिपका. नाई केलं तं लाल. नागपूरले एका मोठ्या टीव्हीवर सगळ्या केंद्रायचे ठिपके दिसतात, अन् साहेबलोक चहा पिता पिता ते पाह्यतात. याले ते काम म्हणतात.

आता काकूचं सांगतो. माझा सगळा राग तिथूनच सुरू होते.

काकू म्हणजे आमची दूध तपासणारी. चौदा वर्षं झाली. दर अकरा महिन्यानं नवीन करार अन् तेच काम. कॅन उतरला की काकू झाकण काढते अन् पहिले त्या झाकणाचा वास घेते. दुधाचा नाई, झाकणाचा. कॅन रस्ताभर बंद असते, सगळा वास वर झाकणाले जमा होते. मग ती ढवळणी फिरवून नमुना काढते, तो मशीनमध्ये जाते. मशीन फॅट सांगते, पाणी सांगते. पण काकूले जे कळते ते मशीनले कळत नाई. कॅन धुतला पण वाळवला नाई. कालचं दूध आजच्यात मिसळलं. गाईच्या थनाले सूज आहे. कापसाच्या पऱ्हाटीवर फवारा मारला अन् त्याच वावराच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत कापून गाईले टाकलं. हे सगळं ती एका हुंगण्यात सांगते, अन् डोळे मिटून सांगते, जशी कोणाची जुनी ओळख काढून राह्यली.

त्याच्यापुढचं काम दादाचं. दादाचा रूट हिंगणीकडचा, पार बोरच्या जंगलाले लागून. कॅन उतरवले की डॉकवर उभ्या उभ्या दहा मिनिटं चहा व्हायचा. त्यात काकू त्याले सांगायची, अमक्या गावच्या तिसऱ्या कॅनले सुजेचा वास आहे, कोणाच्या गाईचं थन दुखते ते पाहाय लावजो. दादा परत जाताना गावात सांगायचा. दुसऱ्या दिवशी निरोप आणायचा, हो, शाळेमागच्या घरची गवळाऊ गाय होती, डॉक्टर बोलावला. चौदा वर्षं हे असं चाललं. याले कोणी टीमवर्क म्हणलं नाई, कारण त्याच्यापुढं ठिपका नव्हता.

अन् साहेब मले म्हणे, काकूले टीमशी जोडून राहणं शिकव.

शिकवलं. तिच्या जावयानं त्याचा जुना फोन दिला, तो घेऊन ती आली. पण काकूचे हात सकाळी सातपासून अकरापर्यंत ओले. ओल्या बोटाले स्क्रीन काही दाद देत नाई. ती पदराले हात पुसे, 'हजर' दाबे, तेवढ्यात पुढचा कॅन. पदर ओला झाला की मग पुसायचं कायले? मी तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. पिशवीवरून तिनं काय दाबलं कोणास ठाऊक, नागपूरच्या सगळ्या साहेबलोकायची मीटिंग सुरू झाली. पंधरा मिनिटं त्यायनं आमच्या डॉकच्या छपराचे टिन पाह्यले, अन् कॅन आपटला म्हणून काकूनं दादाले जे काही म्हणलं ते ऐकलं.

दादाचं वेगळंच. तो कुठं आहे ते अ‍ॅपले दिसलं पाहिजे, अन् हिंगणीच्या पुढं जंगल लागलं की नेटवर्क जाते. म्हणजे जिथं तो खरं काम करते तिथं तो लाल, अन् पानठेल्यावर उभा राह्यला की हिरवा. मी हे साहेबाले फोन करून सांगतलं. काकूच्या ओल्या हाताचंही सांगतलं. तो म्हणे, "प्रॉब्लेम काय आहे? माइंडसेट. सोल्यूशन काय आहे? चॅम्पियन." अन् मग हसत हसत पुढचं म्हणे, महिनाअखेरपर्यंत जो हिरवा नसेल त्याच्या कराराचा विचार करावा लागेल.

काकूचा करार दिवाळीनंतर संपत होता. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी पडून, घर तिच्याच भरवशावर. हे मले माहीत होतं. म्हणून मी जे केलं ते चांगल्या मनानं केलं, असं मी लय दिवस स्वतःले सांगत राह्यलो.

मी तिचा फोन घेतला अन् तिच्या आवाजात बोललो. राम राम साहेब, आज सहा गावचं दूध आलं, सगळं बराबर हाय. मधात तिचा तो खाकरा घातला, मागं एक कॅन वाजवला. ठिपका हिरवा. दादा बाजूले उभा होता, म्हणे माह्यंबी कर. त्याचं केलं, हॉर्नसकट. काकूले ऐकवलं तं ती पदर तोंडाले लावून हासत सुटली.

"मी अशी बोलतो काय रे पोट्ट्या?"

मी म्हणलं, काकू, तुम्ही याहून वाईट बोलता, मी सुधारून पाठवलं.

त्या दिवसापासून रोज अकरा वाजता काकू हात पुसून माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहायची. चौथ्या कॅनचं झाकण कोंडट आहे, कॅन वाळवला नाई, सातव्याले फवाऱ्याचा वास आहे, हे नागपूरले सांगजो, म्हणायची. मी वहीत टिपून घ्यायचो अन् मान हलवायचो. ती गेली की तिच्या आवाजात 'सगळं बराबर हाय' पाठवायचो अन् 'नाही' दाबायचो.

काऊन? कारण 'हो' दाबलं की खाली बारा रकाने उघडतात. अडचणीचा प्रकार. उपप्रकार. तीव्रता, एक ते पाच. जबाबदार व्यक्ती. निवारणाची अपेक्षित तारीख. फोटो जोडा. आता वासाचा फोटो कसा काढावा ते मले त्या अ‍ॅप बनवणाऱ्यानं येऊन सांगावं. एक रकाना सुटला तं ठिपका लाल, अन् लाल म्हणजे काकूचा करार. 'नाही' दाबलं की मोकळं. ज्यानं कोणी हे बनवलं त्यानं खरं बोलणाऱ्याले बारा दरवाजे ठेवले अन् खोटं बोलणाऱ्याले एक बटण. अन् वरून म्हणतात, लोक नवीन गोष्टीले घाबरतात.

पण मीही काही कमी नाई. मले तेव्हा असंच वाटे, नागपूरले ऐकते कोण.

पेरण्या चालू होत्या तेव्हा अ‍ॅप आलं. कापूस फुटेपर्यंत आमचं केंद्र हिरवंगार. साहेबानं त्या टी-शर्टातला माझा फोटो सगळ्यायले पाठवला. मग हुकूम आला, आता सगळं अ‍ॅपवर येते तं डॉकवरचा चहा बंद, कॅन उतरवा अन् निघा. दादाले अजून दोन गावं दिली. तो सकाळी यायचा, कॅन लोटायचा, पळायचा. काकूले मी म्हणलं, दादाले निरोप द्यायले भेटत नाई आता. तं ती म्हणे, राहू दे, नागपूरवाले गावात फोन करत असतीन, रोज सांगतोच ना आपण. मी तेव्हाही मान हलवली अन् कीबोर्डवरची धूळ पुसली.

दिवाळीच्या आधी साहेबाचा फोन आला. काकूंचा सत्कार ठेवलाय, त्यांना चांगली साडी नेसून यायला सांग. मी खुश, काकू त्याहून खुश. हिरव्या ठिपक्याचा सत्कार, असं आम्ही समजलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा काकू केंद्रावर रबरी बुटाशिवाय आली. मोरपंखी साडी, अंबाड्यात शेवंतीचं फूल. दादानं गाडी धुतलती, काहीही कारण नसताना.

ऑफिसच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबानं काकूच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यानं भिंतीवर तक्ता दाखवला. एकेकाचं नाव अन् पुढं आकडे. 'आढळलेल्या अडचणी' असा एक रकाना होता. काकूच्या नावापुढं त्यात शून्य.

"चार महिन्यांत अडचणी किती? शून्य," साहेब म्हणाला. "याचा अर्थ काय? आपली सिस्टीम इतकी चांगली झाली, की हातानं तपासायची गरजच राहिली नाही." दोरी गुंडाळली, सोडली. "म्हणून काकूंना आपण सन्मानानं मोकळं करतोय."

मागून कोणीतरी टाळी वाजवायले हात उचलला अन् तसाच खाली घेतला.

काकू नारळ घेऊन उभी. पहिले नारळ दिला अन् मग सांगतलं. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाले कधी माफ करणार नाई. करार संपते, ठीक आहे, खोलीत बोलावून सांगायचं होतं. चौदा वर्षं जी बाई झाकण हुंगून कोणत्या कॅनात काय बिघडलं ते सांगते, तिचं काम पाहाय एक माणूस एक सकाळ नागपूरहून आला असता तं त्याले समजलं असतं. तासा-दीड तासाचा रस्ता आहे. फुगे बांधाय आले, शाल द्याय आले. विचाराय कोणी आलं नाई.

काकूनं साहेबाकडे पाठ केली. ती माझ्याकडे वळली.

"मी रोज तुले सांगत होतो, थे कुठी गेलं रे?"

मी उभा राह्यलो. म्हणलं, काकूच्या नावानं गेलेला एकही आवाज काकूचा नाई, ते सगळे मी काढले. तिनं जे जे सांगतलं त्यातलं काही मी पाठवलं नाई. रोज 'नाही' दाबलं. ते शून्य माझं आहे.

साहेबाले पटेना. तो म्हणे, रेकॉर्डिंग तर त्यांचंच आहे, मी स्वतः ऐकलंय. मग मी तिथंच काकूच्या आवाजात दोन वाक्यं बोललो, मग दादाच्या, मग राहवलं नाई म्हणून साहेबाच्या. दादा हासला नाई. तेव्हा मले कळलं, प्रकरण कुठवर गेलं.

मले वाटलं, आता साहेब मले काढन. त्यानं मले बाहेर नेलं, हात धुवायच्या नळापाशी, अन् आवाज बारीक करून म्हणाला, "हे वर सांगू नकोस. आपलं केंद्र मी मॉडेल म्हणून दाखवलंय." मी विचारलं, काकूचं काय? तं म्हणे, त्यांचा कागद सिस्टीममधून निघाला. निघालेला कागद परत घ्यायचा तसा ऑप्शन नाई. पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून असं उत्तर ऐकलं ज्याच्या आधीचा प्रश्न त्याचा स्वतःचा नव्हता.

माझं डोकं असं तापलं की त्याच दुपारी मी अ‍ॅपच्या सगळ्यायच्या ग्रुपवर सगळं लिहून काढलं. कोणाचे आवाज काढले, काय लपवलं, 'नाही' काऊन दाबलं, काकूले काऊन काढून राह्यले. भली लांब चिठ्ठी झाली. पाच मिनिटात अंगठे यायले लागले. एकानं लिहिलं, ग्रेट इनिशिएटिव्ह, कीप इट अप. एका मोठ्या साहेबानं टाळ्यायचं चित्र पाठवलं. मी चोरी कबूल करून राह्यलो अन् हे माझं अभिनंदन करून राह्यले. एका माणसानंही वाचलं नव्हतं.

करार संपायले अजून तेरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी काकू रोजच्या साडीत, रबरी बुटात आली अन् कामाले लागली. मी तीच वही घेऊन तिच्या बाजूले उभा राह्यलो. दोन दिवस तिनं माझ्याकडे पाह्यलं नाई. ती झाकण हुंगायची, बाजूले ठेवायची, पुढचा कॅन ओढायची. दादा म्हणे, बोलन रे, राग खाऊन तिचं पोट नाई भरत. तिसऱ्या दिवशी झाकण नाकापाशी धरूनच ती म्हणाली, "कोंडट. लिह्य."

तिथून मी 'हो' दाबाय लागलो. बाराच्या बारा रकाने, एकेका कॅनसाठी. फोटोच्या जागी झाकणाचा फोटो. जबाबदार व्यक्तीच्या जागी, कॅन न वाळवणाऱ्याचं गाव. तीव्रता कळेना तेव्हा काकूले विचारलं, एक ते पाचात किती? ती म्हणे, "थे मले नाई समजत. तुया बहिनीच्या लेकराले पाजशीन का हे दूध?" मी म्हणलं नाई. "मंग पाच."

दादाही परत निरोप न्यायले लागला, गाडी चालूच ठेवून, खिडकीतून. पाचव्या दिवशी त्यानं एक निरोप उलट आणला. हिंगणीच्या अल्याडच्या एका गावात एका बाईच्या गाईचं एक थन पार वाळून गेलं. दोन महिन्यापासून सूज होती. ती बाई दादाले म्हणे, पहिले तुम्ही लगेच सांगत होते, या वर्षी काऊन नाई सांगतलं? दादानं हे मले सांगतलं अन् गिअर टाकून निघून गेला. त्या दिवशी मी डबा उघडला नाई. काकूनं वहीत पान उलटून दाखवलं, भादव्यातलं. तिनं तेव्हाच मले सांगतलं होतं. सुजेचा वास, त्याच गावचा कॅन. मी वहीत लिहिलं होतं अन् तिथंच ठेवलं होतं.

इकडे नागपूरच्या टीव्हीवर आमचं केंद्र लाल झालं. चार महिने हिरवं होतं तेव्हा एक फोन नाई. लाल झालं तं दिवसाले तीन फोन. साहेब म्हणे, बारीकसारीक असेल तिथं 'नाही' दाबत जा. मी म्हणलं, "बारीक कोणतं ते ठरवन कोण? काकू. अन् काकू कोण? तुम्ही मोकळी केलेली." त्यानं फोन ठेवला. मले वाटते त्याले पहिल्यांदा समजलं, दुसऱ्याचं उत्तर ऐकायले कसं लागते.

करार संपायच्या दोन दिवस आधी दोन कागद आले. एक माझा, लेखी ताकीद, अन् चॅम्पियनवरून काढलं. तो टी-शर्ट मी त्याच दिवशी परत पाठवला, धुऊन. दुसरा काकूचा. करार सहा महिन्यांसाठी वाढवला. कारण, 'सदर केंद्र समस्याग्रस्त आढळल्याने'. चूक झाली, असं एक अक्षर नाई. इतकी वर्षं दूध चांगलं ठेवलं म्हणून ती नको, अन् केंद्र वाईट दिसलं म्हणून पाहिजे. ज्यायच्या डोक्यातून हे निघते ते आम्हाले बदल शिकवाय येतात.

मी तो कागद काकूले डॉकवरच वाचून दाखवला. तिनं विचारलं, समस्याग्रस्त म्हणजे काय? मी म्हणलं, जिथं लय अडचणी आहेत ते.

"अडचन कोन? मी का दूध?"

"त्यायलेच माहीत नाई काकू. त्यायनं नुसतं लाल पाह्यलं."

"अन् सहा महिन्यानं?"

मी म्हणलं, माहीत नाई. तिनं माझ्या हातातून कागद घेतला, त्याच्यावर तिच्या ओल्या बोटायचे डाग पडले. घडी करून ठेवाय तिच्याजवळ कोरडी जागा नव्हती, म्हणून तिनं तो माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला अन् पुढच्या कॅनचं झाकण काढलं.